साखरेचा खडा

लग्न ठरलें कीं साखरपुडा होतो. शुभ वार्ता घेऊन येणाऱ्यास आपण 'तुझ्या तोंडांत साखर पडो' असें म्हणतों. पहांटेची गाढ झोंप ती साखरझोंप, पाडव्याच्या गुढीला बांधावयाची ती साखरेची गांठी, आणि गोड बोलून काम काढून घेणाऱ्या गृहस्थाच्या भाषणाला साखरपेरणी म्हणण्याचा प्रघात आहे. घरांतील लहानथोर माणसें मिळून दिवसाकांठीं हा शब्द किती वेळां उच्चारीत असतील याची मोजदाद कोणी करूं गेल्यास सकाळच्या चहालाच त्याची बोटें संपतील! असा हा तोंडांत घोळलेला शब्द. परंतु मूळ अर्थाकडे पाहतां त्यांत गोडीचा लवलेश नाहीं. साखर म्हणजे दगडाचा बारीक खडा. जेवतांना भातांत लागला तर कपाळाला आठी घालून आपण जो ताटाबाहेर काढून ठेवतों, तोच हा.

संस्कृतांत याचें रूप शर्करा. अथर्ववेदांत हा शब्द वाळू आणि दगड यांच्या पंक्तीला बसलेला आढळतो. पाणिनीनें तर एका सूत्रांत सिकता आणि शर्करा यांची जोडीच बांधून टाकली आहे. सिकता म्हणजे वाळू व शर्करा म्हणजे रेव. ज्या भूमींत अशी रेव फार ती भूमि 'शर्करिल'. पालि ग्रंथांत सक्खरा या शब्दानें खडे व खापराचे तुकडे यांचाही बोध होतो. वैद्यकाकडे वळल्यास सुश्रुतसंहितेंत शर्करा हें चक्क एका दुखण्याचें नांव आहे. मूत्राशयांतील अश्मरी फुटून तिचे जे बारीक कण होतात त्यांस ही संज्ञा दिलेली आहे. आपण ज्याला मुतखडा म्हणतों त्याच्याच घराण्यांतली ही मंडळी.

मग दगडाचें नांव गोड पदार्थास कसें चिकटलें? याचें उत्तर कोशांत शोधण्यापेक्षां गुऱ्हाळावर जाऊन पाहावें हें बरें. चरकांतून निघालेला उंसाचा रस काहिलींत ओतून चुलाणावर आटवीत ठेवला म्हणजे तो प्रथम काकवीसारखा दाट होतो. आणखी आटला कीं गूळ होतो. हाच पाक कौशल्यानें हाताळून त्यांतील पातळ मळी निथळूं दिली म्हणजे मागें कण उरतात, आणि ते जों जों स्वच्छ होत जातात तों तों पांढरे दिसूं लागतात. चरकसंहितेंत गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा हे पदार्थ एकापेक्षां एक अधिक निर्मळ अशा क्रमानें सांगितलेले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही कोठारांत सांठविण्याच्या जिनसांमध्यें हीच परंपरा आलेली असून आरंभीं फाणित, म्हणजे पातळ पाक, तेवढा अधिक आहे.

आतां या नांवांचे अर्थ पाहा. गुड म्हणजे गोळा. मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी दिसणारी. खंड म्हणजे तुकडा. शर्करा म्हणजे रेव. यांत गोडीचा वाचक असा एकही शब्द नाहीं. सगळीं नांवें आकारावरून पडलेलीं आहेत. मला यावरून असें वाटतें कीं हीं नांवें खाणाऱ्यानें ठेविलेलीं नव्हेत. तीं काहिलीपाशीं घाम पुशीत उभ्या असलेल्या गुळव्यानें ठेविलेलीं आहेत. गोडी चारही पदार्थांत सारखीच होती. त्याच्या दृष्टीला फरक दिसत होता तो गोळ्याचा, दाण्याचा आणि खड्याचा. पुढें मूळ अर्थ इतका विसरला गेला कीं साखरेचे मोठे स्फटिक पाहून आपल्या लोकांनीं त्यांस 'खडीसाखर' असें नांव दिलें. खडी ही खडीच, आणि साखर हीही खडीच! देवापुढें नैवेद्याची वाटी ठेवतांना आपण एकच शब्द दोनदां उच्चारीत असतों.

शर्करेची साखर झाली ती एकदम झाली नाहीं. जोडाक्षरांतला र प्राकृतांत गळाला, त्याच्या जागीं पुढील व्यंजनाचें द्वित्त झालें, आणि पुढें मराठींत तें द्वित्त मोडून मागचा स्वर दीर्घ झाला. सप्तचें सत्त आणि सत्तचें सात, हस्तचें हत्थ आणि हत्थचा हात, दुग्धचें दुद्ध आणि दुद्धचें दूध, तशीच शर्करा, सक्खरा, साखर ही परंपरा. हा नियम एकदां कळला म्हणजे घरांतील शेंकडों शब्दांच्या कुंडल्या आपोआप मांडतां येतात, आणि मुलांना सुटींत हा खेळ लावून दिल्यास तीं त्यांत रमतात असा माझा अनुभव आहे. येथें एका बारकाव्याकडे मात्र लक्ष द्यावें. संस्कृत शर्करेंत 'ख' नाहीं. हिंदी शक्कर, कानडी सक्करे यांतही तो नाहीं. तो आहे पालींत आणि आपल्या मराठींत. हा एवढासा 'ख' पुढें मोठी साक्ष देणार आहे.

अलेक्झांडरच्या आरमाराचा अधिपति निआर्कस इ. स. पूर्वीं चवथ्या शतकांत सिंधूच्या मुखाकडून परत गेला. मधमाशांवांचून मध देणारे वेत हिंदुस्थानांत होतात, अशी त्यानें सांगितलेली हकीकत स्ट्राबो या भूगोलकारानें नोंदून ठेविली आहे. ऊंस पाहिला, पण त्याला नांव सांपडलें नाहीं, म्हणून बिचाऱ्यानें मधाचा आधार घेतला! पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डायोस्कोरिडीस नांवाचा ग्रीक वैद्य हिंदुस्थानांतील व अरबस्तानांतील वेतांत गोठून राहणाऱ्या एका मधाचें वर्णन करतो. तो दिसण्यांत मिठासारखा असून दांतांखालीं कुरकुरतो, आणि त्याचें नांव 'साक्खारोन'. त्याच सुमाराचा रोमन ग्रंथकार प्लिनी हा अरबस्तानच्या मालापेक्षां हिंदुस्थानचा माल सरस असल्याची ग्वाही देतो, व याचा उपयोग केवळ औषधांत होतो असें सांगतो. याच शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याची तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांविषयींची वही 'पेरिप्लस' या नांवानें उपलब्ध आहे. आपल्या भडोचेच्या बाजूनें सोमाली किनाऱ्याकडे जाणाऱ्या गलबतांत काय काय भरलेलें असे याची यादी तींत दिली आहे. गहूं, तांदूळ, तूप, तिळाचें तेल, कापड. आणि त्यांबरोबर वेताचा मध, ज्याला 'साक्खारी' म्हणतात.

साक्खारी! ग्रीक लोकांच्या जिभेला 'र्क' हें जोडाक्षर मुळींच अवघड नव्हतें. त्यांच्या स्वतःच्या भाषेंत तें पुष्कळ आहे. भडोचेच्या धक्क्यावर त्यांनीं 'शर्करा' असा शब्द ऐकला असता तर तो तसाच लिहून घेतला असता. त्यांनीं लिहिला तो 'ख' सह, र-कारावांचून. म्हणजे त्यांच्या कानांवर पडली ती पंडितांची शर्करा नव्हे. गोणी मोजणाऱ्या वाण्याची, ती जहाजावर चढविणाऱ्या हमालाची आणि तांडेलाची सक्खरा. जन्मभर विद्यार्थ्यांकडून अमरकोश आणि रूपावली घोकून घेतलेल्या मनुष्यानें हें लिहावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु संस्कृताचा अभिमान वेगळा आणि साक्षीपुरावा वेगळा. जगभर पसरलेल्या या शब्दाला घराबाहेर काढण्याचें श्रेय ज्या बोलीला आहे तिला आपल्या नाटककारांनीं स्त्रिया आणि दासदासी यांच्या तोंडीं घालून खालच्या पायरीवर बसविलें होतें, हें विसरून चालावयाचें नाहीं.

ग्रीकांकडून हा शब्द दोन दिशांनीं गेला. लॅटिन भाषेंत तो शिरला, आणि शास्त्रीय परिभाषेंत अजून टिकून आहे. वनस्पतिशास्त्रांत उंसाचें कुलनाम 'सॅकॅरम' असें आहे तें त्यामुळेंच. दुसरी शाखा रशियन भाषेंत गेली, आणि तेथें त्याचें जें रूप आहे तें ऐकून मराठी मनुष्य थबकल्यावांचून राहणार नाहीं. रशियन लोक साखरेला 'साखर' म्हणतात. त्यांचा 'ख' घशाशीं थोडा घांसून निघतो आणि शेवटचा स्वर किंचित् पुसट होतो एवढाच भेद. मास्को येथील दुकानांत जाऊन पुण्याच्या आजीबाईंनीं अस्सल मराठींत साखर मागितली तर त्यांच्या पदरांत साखरच पडेल! आणि दिल्लीच्या बाजारांत मात्र त्यांस 'चीनी' मागावी लागेल.

खुष्कीच्या मार्गाची कथा निराळी. इराणांत 'शकर' आणि अरबांत 'सुक्कर' अशीं रूपें झालीं. अरबांनीं उंसाची लागवड भूमध्य समुद्राच्या कांठानें सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली व तिच्यामागें शब्दही गेला. इटालियन 'त्सुक्केरो', फ्रेंच 'स्युक्र', जर्मन 'त्सुकर', इंग्रजी 'शुगर' हीं सर्व या अरबी सुक्करचीं लेंकरें. स्पेनमध्यें 'आसूकार' म्हणतात. त्यांतला आरंभींचा 'आ' हा अरबी उपपद 'अल्' याचा अवशेष आहे. स्पॅनिश कानांनीं उपपद आणि नाम निरनिराळें ओळखलें नाहीं, त्यामुळें आलेला पाहुणा जोड्यासकट घरांत घेतला गेला. हा प्रकार लक्षांत असूं द्यावा. त्याचा एक भाऊ पुढें भेटावयाचा आहे.

पूर्वेकडे चीनच्या लोकांनीं नादापेक्षां अर्थ उचलला. घट्ट साखरेला त्यांच्या जुन्या ग्रंथांत 'शि-मी', म्हणजे दगडी मध, म्हटलें आहे. इ. स. ६४७ मध्यें तांग घराण्याच्या ताइझोंग बादशहानें साखर करण्याची कृति शिकून येण्यासाठीं मगध देशांत माणसें पाठविलीं, अशी नोंद त्यांच्या इतिहासांत आहे. विद्या येथून तिकडे गेली आणि कालांतरानें चीनचें नांव घेऊन पांढरी साखर आपल्या बाजारांत उभी राहिली. उत्तर हिंदुस्थानांत ती चीनी झाली. खडीसाखरेला हिंदींत मिस्री किंवा मिश्री म्हणतात तें मिसर, म्हणजे ईजिप्त, या देशावरून. मध्ययुगांत तेथील साखर शुद्ध करण्याचें कसब नांवाजलेलें होतें. (आमच्याकडील मिश्री, जी दांतांना लावतात, ती तंबाखूची राखुंडी, तिचा या मिश्रीशीं कांहीं संबंध नाहीं. उत्तरेकडील पाहुण्यानें दुधांत घालावयास मिश्री मागितल्यास गृहिणीनें हा भेद ध्यानांत ठेवावा.)

या ठिकाणीं एका समजाविषयीं लिहिणें भाग आहे. सुशिक्षित घरांतून असें पुष्कळदां बोललें जातें कीं इंग्रजी शुगर हा शब्द संस्कृतापासून निघाला, त्या अर्थीं इंग्रजी ही संस्कृताची कन्या होय. शुगरचें मूळ येथलें हें खरें; परंतु तो शब्द उसना गेलेला आहे. मातृ आणि मदर, पितृ आणि फादर यांचें नातें निराळें. तीं भावंडें आहेत, एका अतिप्राचीन मूळ भाषेचीं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास जें भाषण केलें त्यांत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या अशा समान उगमाची कल्पना मांडलेली आहे. साखरेचा शब्द रक्तानें गेलेला नाहीं, तो मालाबरोबर गेला. शेजारणीकडे आपली वाटी दिसली म्हणून ती कांहीं आपली मुलगी ठरत नाहीं.

वाट्या मात्र परतही येतात, आणि घासून पुसून इतक्या निराळ्या होऊन येतात कीं त्या आपल्याच आहेत हें कोणाच्या ध्यानांत येऊं नये. आपला खंड शब्द इराणांत जाऊन 'कंद' झाला. तेथून अरबी, फ्रेंच असा फिरत इंग्रजींत त्याची 'कँडी' झाली, ती आज मुलांच्या खिशांत असते. पण दुसरी वाट थेट आपल्या फडताळाकडे आली. उन्हाळ्यांत पित्तावर आपण गुलकंद देतों. त्यांतलें गुल म्हणजे फारसी गुलाबाचें फूल, आणि कंद म्हणजे रताळें-सुरणाच्या जातीचा कंद नव्हे, तर परदेशवारी करून आलेला आपला खंड. कलाकंद या बर्फीच्या जातीच्या मिठाईंतही तोच बसलेला आहे. याहून मौजेचा शब्द शंकरपाळ्यांचा. दिवाळींत डबे भरून ज्या चौकोनी वड्या आपण तळतों त्यांचा भगवान् शंकराशीं यत्किंचितही संबंध नाहीं. फारसींत 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा. शकर हा शब्द मराठी कानाला अपुरा वाटला, त्याला ओळखीचा अनुस्वार मिळाला, पाऱ्याचें पाळें झालें, आणि फराळाच्या ताटांत महादेव अवतरले. शर्करा येथून गेली, शकर होऊन आली, आणि आपण तिला शंकर म्हणून ठेवून घेतलें.

भाषाशुद्धीच्या चळवळीनें मराठीला दिनांक, महापौर यांसारखे सुटसुटीत शब्द दिले आणि ते रुळले. त्याबद्दल मराठी मनुष्यानें कृतज्ञच असावें. कचेरींतील कागदावर ही शुद्धि शोभते. परंतु स्वयंपाकघरांत ती घेऊन शिरणाऱ्यास मी इतकेंच विचारीन कीं गुलकंदाच्या बरणीवर बहिष्कार घालावयाचा तो अर्ध्यावर कीं सबंधावर? शब्दाला परकी म्हणून दारांतून घालविण्यापूर्वीं तो कोठून कोठें गेला होता याची चौकशी करणें हें घरच्या वडील माणसाचें काम आहे.

दक्षिणेकडे शर्करेचा अर्थ गुळाकडे झुकला. मलयाळींत 'चक्कर' आणि सिंहली भाषेंत 'हकुरु' म्हणजे गूळ. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीं हा चक्कर ऐकला, त्यांच्या तोंडीं तो 'जागरा' झाला, व त्यापासून इंग्रजींत 'जॅगरी' आला. म्हणजे इंग्रजांच्या कोशांत शुगर आणि जॅगरी हे दोन शब्द दोन वेगळ्या पानांवर राहतात. पण दोघांची आजी एकच.

येथवर लिहिलें तें कौतुकाचें झालें. या शब्दाच्या प्रवासाचा एक टप्पा असा आहे कीं त्याविषयीं लिहितांना लेखणी जड होते. १४९३ सालीं कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हां त्यानें अमेरिकेकडील बेटांत उंसाचीं बेणीं नेलीं. युरोपांत जी वस्तु औषधाच्या पुडींत मिळत असे तिची चटक घरोघर लागली, आणि ती पुरविण्यासाठीं ब्राझील व वेस्ट इंडीज येथें उंसाचे अफाट मळे उठले. चार शतकांच्या अवधींत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारें सव्वा कोटि माणसें गुलाम म्हणून जहाजांत कोंबलीं गेलीं. त्यांतील फार मोठा भाग या मळ्यांच्या वाट्यास आला. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचें ठरलें, तेव्हां मळेवाल्यांनीं मजुरांसाठीं हिंदुस्थानाकडे पाहिलें. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख हिंदी माणसें करारानें बांधून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत उतरविण्यांत आलीं. त्यांत बिहारकडील लोक पुष्कळ, तामीळ व तेलुगु लोक त्यांहून कमी, आणि मुंबईच्या बंदरांतून गेलेले आपल्या कोंकणांतील मराठी लोकही होते. ज्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून हीं माणसें गेलीं तो आज 'आप्रवासी घाट' या नांवानें जतन केलेला असून २००६ सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली.

कोंकणांतील हा कुणबी घरून निघाला तेव्हां त्याच्या तोंडीं साखर हा शब्द होता. घरांत मात्र ती सणावारीं दिसत असेल तर असेल. तेथें तो दिवसभर ऊंस तोडूं लागला. मळ्यावरची बोली फ्रेंचांच्या अमलांत गुलामांच्या तोंडीं घडलेली क्रिओल. फ्रेंचांत थोडी साखर मागावयाची असल्यास 'द्यु स्युक्र' असें म्हणतात. क्रिओल बोलणाऱ्यांनीं त्यांतलें उपपद नामापासून वेगळें काढलें नाहीं, आणि सबंध शब्दाचा 'दिसिक' झाला. स्पॅनिश आसूकारचा मीं मघां सांगितलेला भाऊ तो हाच. आज मॉरिशसमध्यें मराठी कुळींतल्या घरांतही रोजच्या बोलण्यांत हा दिसिक चालतो. गणेशचतुर्थीची तेथें सरकारी सुटी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते. पण आईजवळ मूल साखर मागतें तें दिसिक म्हणून. सक्खरा, शकर, सुक्कर, स्युक्र, सिक! ज्या लोकांच्या पूर्वजांच्या मुखांतून हा शब्द बाहेर पडला त्यांच्याच वंशजांच्या मुखांत तो दोन हजार वर्षांनीं, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, असा तुटकाफुटका होऊन परत आला; आणि त्या मुलाला अगर त्याच्या आईला तो आपला आहे हें कोणी सांगितलेलें नाहीं.

आपल्या घरांत तरी वेगळें काय आहे? हल्लीं वडीलधारी मंडळी पाहुणचाराच्या वेळीं कप हातांत घेण्यापूर्वीं सांगतात, 'मला शुगर आहे, चहांत साखर घालूं नका.' या एका वाक्यांत एकच शब्द दोनदां आलेला आहे. पहिला इराण, अरबस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड फिरून आला, दुसरा घरांतच बसून राहिला. साखरेऐवजीं पेल्यांत एखादी सॅकरिनची गोळी टाकली तर तिसरा त्याच बशींत येतो. १८७९ सालीं अमेरिकेंत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत, फालबर्ग या रसायनज्ञास डांबरापासून काढलेल्या द्रव्यांवर काम करतांना हा गोड पदार्थ सांपडला, आणि लॅटिन सॅकॅरमवरून त्याचें नांव पडलें. उंसाशीं त्याचें कांहीं देणेंघेणें नाहीं. दुखण्यासाठीं साखरेचें नांव वापरणें हें मात्र नवें नव्हे. तें सुश्रुतानें केलेलेंच होतें. फरक इतकाच कीं त्यानें तें मुतखड्याच्या कणांस दिलें, आणि ज्याला आपण आज शुगर म्हणतों त्या रोगाचें नांव आयुर्वेदांत मधावरून पडलें: मधुमेह.